दोघींचं पटतंय का

"दोन्ही नेणार असशील तरच ने," शबाना म्हणाली. "एकेकटी मी देणार नाही."

शबाना माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. साताऱ्यातल्या एका शाळेत ती गणित शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ मांजरांना द्यायची. कुणाच्या गोदामातून, बंद गॅरेजमधून, पाण्याच्या टाकीतून काढलेली मांजरं तिच्या गच्चीवरच्या जाळीच्या खोलीत राहायची. बरी झाली, अंगाने भरली की ती त्यांच्यासाठी घरं शोधायची. मला ती कित्येक वर्षं विचारत होती आणि मी कित्येक वर्षं टाळत होते. त्या वर्षी मात्र मी आपण होऊन गेले. बरोबर श्रीरंग होता आणि दोन्ही मुली.

दोन्ही मुली म्हणजे माझी जुई आणि श्रीरंगची शाल्मली. जुई नऊ वर्षांची, शाल्मली तेरा पूर्ण केलेली. माझा घटस्फोट होऊन बराच काळ लोटला होता. श्रीरंगची पहिली बायको वैशाली आजाराने गेली, त्यालाही तीन वर्षं झाली होती. आम्ही त्या उन्हाळ्यात रजिस्टर लग्न केलं आणि मी जुईला घेऊन श्रीरंगच्या शाहूपुरीतल्या घरी राहायला आले. लग्नाआधी शाल्मली मला काकू म्हणायची. लग्नानंतर ती काहीच म्हणेनाशी झाली. बोलायची नीट, उलट उत्तर कधी नाही, पण हाक मारायची वेळ आली की माझ्या समोर येऊन उभी राहायची. जुईने मात्र महिन्याभरात श्रीरंगला बाबा म्हणायला सुरुवात केली होती. तिने बाबा म्हटलं की शाल्मली ताटातली भाजी चिवडत बसे.

घरात भांडणं होत नव्हती. झाली असती तर मला बरं वाटलं असतं. सगळे एकमेकांना वाट करून देत होते, पाहुण्यांसारखे. मांजरांची कल्पना माझी. सगळ्यांचं मिळून काहीतरी हवं, असं मला वाटलं.

जाळीच्या खोलीत कोपऱ्यातल्या फळीवर एक काळी मांजर बसली होती आणि दारापाशी एक भगवी, पाठीवर पुसट पट्टे असलेली. भगवी लगेच जुईच्या पायाला अंग घासायला लागली. काळी हलली नाही. दोन्ही माद्या वर्षा-दीड वर्षाच्या, वेगवेगळ्या ठिकाणी सापडलेल्या, पण एकाच आठवड्यात शबानाकडे आलेल्या.

"हिला कुणी नेत नाही," शबाना काळीकडे बघत म्हणाली. "लोक येतात, हिला बघतात आणि दुसरं दाखवा म्हणतात."

"मला ही हवी," शाल्मली म्हणाली. तिथे आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती.

"आणि मला ही," जुई म्हणाली. भगवी एव्हाना तिच्या मांडीत होती.

श्रीरंग माझ्याकडे बघून हसला. मलाही वाटलं, झालं काम.

निघताना शबानाने मला बाजूला घेतलं. दोघींना आधी वेगळ्या खोल्यांत ठेव, म्हणाली, एकमेकींचा वास ओळखीचा होऊ दे. एकीची चादर दुसरीकडे ठेवत जा, दाराच्या दोन्ही बाजूंना जेवायला घाल, आणि दार उघडायची घाई करू नकोस. महिना लागो, दोन लागोत. मग म्हणाली, "आणि मुलींना वाटून देऊ नकोस गं, रोहिणी. मांजर घराची असू दे."

मी हो म्हटलं. घरी पोचेपर्यंत गाडीतच वाटणी झाली होती. भगवीचं नाव बुंदी. काळीचं नाव शाल्मलीने आठवडाभर सांगितलं नाही आणि मग एक दिवस वहीवर रेघा ओढता ओढता म्हणाली, शाई.

शाई वरच्या खोलीत शाल्मलीजवळ, बुंदी खाली आमच्या खोलीत जुईजवळ. वरच्या खोलीला गच्चीत उघडणारं दार होतं, त्याची कडी कायम लावलेली असायची. मी शबानाने सांगितल्याप्रमाणे चादरी बदलत होते, ताटल्या दाराशी सरकवत होते. दाराच्या फटीतून बुंदीचा भगवा पंजा आत जायचा आणि पलीकडून फिस्कारण्याचा आवाज यायचा. जुईला त्याचं हसू यायचं. शाल्मलीला यायचं नाही. तिचं म्हणणं, बुंदी शाईला त्रास देते. जुईचं म्हणणं, शाईच आखडू आहे. हळूहळू दोघी मुली मांजरांची नावं घेऊन एकमेकींशी भांडायला लागल्या, आणि मला वाटायला लागलं की आपण घरात दोन मांजरं आणून दोन बाजू पक्क्या केल्या. शाळेतून आल्यावर जुई कधी कधी चोरून वर जायची, शाईला बघायला. एकदा तिने गच्चीचं दार तसंच उघडं टाकलं होतं, ते शाल्मलीच्या वेळीच लक्षात आलं. तेव्हा शाल्मलीने ते नुसतं लावून घेतलं. आणि त्या दिवसापासून शाळेत जाताना ती स्वतःच्या खोलीला बाहेरून कडी घालायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीच्या आधीच्या रविवारी कऱ्हाडहून वैशालीचे आईवडील यायचे होते. लग्नानंतर ते पहिल्यांदाच घरी येत होते. सगळे त्यांना माई आणि दादा म्हणत. श्रीरंगने मला आदल्या दिवशी सांगितलं की माई फोनवर बोलल्या होत्या. शाल्मलीला तिथे करमत नसेल तर आम्ही तिला कऱ्हाडला घेऊन जातो, तिथल्या शाळेत घालतो, मामा-मामी आहेत, तिची आबाळ होणार नाही, असं म्हणाल्या होत्या.

"शाल्मलीला विचारलंस?" मी म्हटलं.

"तिला माईंनीच विचारलंय. बघू म्हणाली."

रविवारी सकाळी श्रीरंग आणि शाल्मली त्यांना आणायला स्टँडवर गेले. जुई फाटकापाशी शेजारच्या मुलीबरोबर रांगोळी काढत होती. मी वर जाऊन शाल्मलीची खोली आवरली. माईंना रात्री तिथेच झोपायचं होतं. उशांचे अभ्रे बदलले, दोन रजया उन्हात टाकायला म्हणून गच्चीचं दार उघडलं, आणि परत येताना हात भरलेले असल्यामुळे ते नुसतं लोटून घेतलं. शाई पलंगाखालून माझ्याकडे बघत होती. ती शांत होती. बुंदी खाली उन्हात झोपली होती, तीही शांत. घर स्वच्छ झालं होतं, साखरभाताचा वास येत होता. मला वाटलं, आता काय हरकत आहे. महिना होत आला होता. दोन-तीन दिवसांत दाराशी कुणी फिस्कारलंही नव्हतं.

मी बुंदीला उचलून वर आणलं, आत सोडलं आणि मधे एका ताटलीत शिजवलेली कोंबडी ठेवली.

खरंच, थोडा वेळ त्या दोघी जणू एकमेकींना दिसतच नव्हत्या. बुंदी ताटलीशी गेली. शाई पलंगाखालून अर्धी बाहेर आली. मी श्वास रोखून उभी होते. डोळ्यांपुढे चित्र होतं, माई जिना चढून येतायत आणि दोन मांजरं एका ताटलीत खातायत. तेवढ्यात खाली कुकरची शिट्टी झाली. शाई दचकली, बुंदीने मान वर केली, आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. काळं-भगवं एकच गाठोडं झालं. असा आवाज मी मांजरांचा कधी ऐकला नव्हता. मी पलंगावरची उशी उचलली, पण दोघींच्या मधे टाकायला हात होईना. मला भीती वाटली. गाठोडं सुटलं, शाई दारावर आदळली, लोटलेलं दार उघडलं. मी गच्चीत पोचले तेव्हा ती कठड्यावर होती. मी हाक मारली आणि ती पलीकडे उडी मारून गेली.

मी मागच्या गल्लीत धावले, गाड्यांखाली वाकून पाहिलं, परत आले. फाटकापाशी रिक्षा थांबलेली होती. शाल्मली माईंचा हात धरून त्यांना थेट वर घेऊन निघाली होती, शाई दाखवायला. मी त्यांच्या मागोमाग जिना चढले.

रिकामी खोली, कलंडलेली ताटली, उघडं दार. पलंगावर काळ्या केसांचा पुंजका.

"शाई गेली," मी म्हटलं. "मी बुंदीला आत आणलं. गच्चीचं दार मी उघडं ठेवलं होतं. चूक माझी आहे, शाल्मली."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही.

"तुम्ही परत तेच करताय," ती म्हणाली.

"काय?"

"जुईने दार उघडलं. नेहमी तीच उघडते. आणि तुम्ही मी केलं म्हणताय." तिने माझे दोन्ही हात बघितले. "दोघी भांडल्या आणि तुम्ही इथे होतात, तर तुम्हाला एक ओरखडासुद्धा नाही?"

"मी मधे पडले नाही. घाबरले."

"काच फुटली तेव्हाही तुम्ही असंच सांगितलं होतं."

आता ते सांगायला हवं. जिन्याच्या भिंतीवर वैशालीने रंगवलेली एक काच लावलेली होती, कमळांची. मी त्या घरात आले त्यानंतर थोड्याच दिवसांत जुईचा चेंडू लागून ती फुटली. जुई पांढरीफटक पडली होती. शाल्मली घरात येताच मी तिला सांगितलं की पुसताना माझ्या हातून पडली. ती असू दे म्हणाली आणि एकेक तुकडा वेचून वर घेऊन गेली. मला वाटलं, निभावलं. माझ्यावर राग धरला तर धरू दे, मुलींमधे नको.

"मी तेव्हा गेटपाशीच होते," शाल्मली म्हणाली. "खिडकीतून दिसत होतं मला."

माई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. दादा आणि श्रीरंग बॅगा घेऊन दारात. मग जिन्यावर पावलं वाजली आणि जुई आत आली. तिच्या हातांना रांगोळीचे रंग होते. तिने सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग शाल्मलीला म्हणाली, "मीच उघडलं दार. आईने नाही."

"जुई, तू खाली होतीस," मी म्हटलं.

"नाही. मी मधे वर आले होते. तुला दिसले नाही."

तिची नजर जराही हलली नाही. आवाज शांत, समजुतीचा. माझाच आवाज होता तो. ती आईला वाचवत होती आणि तिला ते फार चांगलं जमत होतं.

शाल्मलीने मान हलवली, म्हणजे बघा, मी काय म्हणत होते. तिच्या दृष्टीने सगळं जुळलं होतं. मी खरं बोलून काही उपयोग नव्हता. मला आणखी काही सांगावं लागणार होतं आणि ते माईंसमोर सांगावं लागणार होतं.

"माई," मी म्हटलं, "तुम्ही येणार होतात म्हणून मी दार उघडलं. शबानाने मला घाई करू नको म्हणून बजावलं होतं. पण तुम्ही वर याल तेव्हा दोन्ही मांजरं एकत्र दिसावीत, असं मला वाटत होतं. तुम्ही बघून म्हणावं, या घरात सगळ्यांचं छान चाललंय. म्हणजे शाल्मलीला न्यायचं तुम्ही काढणार नाही. आणि लोक म्हणणार नाहीत, की नवी बाई आली आणि मुलगी घर सोडून गेली. तुम्हाला दाखवायला म्हणून मी ते केलं. मुलींचा किंवा मांजरांचा विचार करून नाही."

माई चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या. श्रीरंग माझ्याकडे बघेना.

शाल्मलीने विचारलं, "आणि काच?"

"काच जुईच्या चेंडूने फुटली. मी खोटं बोलले."

जुई रडायला लागली. शाल्मली तिच्याकडे वळली. "मग आता का खोटं बोललीस?"

"आईला तू ओरडत होतीस," जुई म्हणाली.

आता शाल्मलीचा माझ्यावर विश्वास बसला होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दार मी उघडलं एवढ्यावर तिला पटलं नव्हतं, का उघडलं ते सांगितल्यावर पटलं. ती चपला घालून शाईला शोधायला बाहेर पडली आणि तिच्या मागे तिचे आजोबा.

दुपारी जेवणं कशीबशी उरकली. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत असताना माई आत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच मला जड जात होतं. तुम्ही वाईट नाही, म्हणाल्या, पण तुमची फार ओढाताण होते आहे, ती आम्हाला दिसते. पोरीला आम्ही नेतो. तुम्हालाही मोकळीक मिळेल.

मी नको म्हणायला हवं होतं. मी गॅसच्या ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला हलकं वाटलं होतं. क्षणभर माझ्यासमोर श्रीरंग, मी आणि जुई एवढंच घर आलं, जिन्यातून कुणी न बोलता वर जात नाही असं. माईंना माझा चेहरा दिसला नाही. दिसला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही.

मुक्काम न करता माई-दादा संध्याकाळीच निघाले. निघताना माईंनी शाल्मलीला बॅग भरायला सांगितलं. शाल्मली म्हणाली, "शाई सापडली की येते." दादांनी समजावलं, माईंनी डोळे पुसले, पण ती हलली नाही. शेवटी दोघं एकटेच कऱ्हाडला परत गेले.

शबाना दुसऱ्या दिवशी आली. ती मला एक शब्द बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं असं मला पुन्हा वाटलं. मांजर घाबरली की लांब जात नाही, जवळच कुठेतरी दडून बसते, एवढं तिने मुलींना सांगितलं. मागच्या गल्लीत एका बंगल्याचं बांधकाम अर्धवट पडलेलं होतं. तिथे काळी मांजर दिसल्याचं पलीकडच्या दुकानदाराने सांगितलं होतं. शबानाने तिच्याकडचा सापळ्याचा पिंजरा आणून तिथे विटांच्या आड लावला, आत शाल्मलीचा वापरलेला स्वेटर आणि भाजलेला बांगडा ठेवला.

"बुंदीला पण चुकल्यासारखं होतंय," मी तिला म्हटलं. बुंदी सारखी वरच्या खोलीच्या दारात जाऊन बसत होती.

"काही चुकल्यासारखं होत नाही. मोकळी खोली मिळाली म्हणून खूश आहे ती," शबाना म्हणाली.

दिवाळी आली. घरात फराळ केला, पण निम्मा डब्यातच राहिला. मी एका लॅबमध्ये नोकरी करायचे, तिथून सुटले की थेट बांधकामाकडे जायचे. तिथे शाल्मली असायचीच. फटाके वाजायला लागायच्या आत ती हाका मारून घ्यायची. सुरुवातीला आम्ही दोघी गल्लीच्या दोन बाजूंना चालायचो. जुई आमच्या मधून, हातात स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन, वाजवत. एका संध्याकाळी जुई दमून घरी गेली आणि आम्ही दोघीच वाळूच्या ढिगावर बसलो होतो. शाल्मलीने मला विचारलं की मी तेव्हा कशाला घाबरले. मी सांगितलं की मला मांजरांची मुळात भीतीच वाटते, लहानपणी एकीने चावा घेतला होता.

"मग आणल्या कशाला?"

"तुम्हा दोघींसाठी."

ती हसली. आनंदाने नव्हे, पण हसली. मग म्हणाली, आईला पण भीती वाटायची, म्हणून आमच्याकडे कधी मांजर नव्हती. वैशालीबद्दल ती माझ्याशी प्रथमच बोलत होती. मी पुढे काही विचारलं नाही.

रोज पिंजरा रिकामा असायचा. त्यातला मासा मुंग्या खात. आणि रोज तो रिकामा दिसला की मला दोन गोष्टी वाटायच्या. शाल्मलीच्या चेहऱ्याकडे पाहून वाईट वाटायचं. आणि वाटायचं, शाई सापडेल त्या दिवशी ही जाईल. त्यात मला ती जायला हवी होती की नको, हे मला एकेका दिवशी वेगळं वाटे, आणि दोन्ही दिवशी स्वतःची लाज वाटे.

भाऊबीज होऊन गेल्यावर एका सकाळी मी दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि आधी तिकडे वळले. पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. आत शाई होती. वाळून निम्मी झालेली, मागचा एक पाय अंगाखाली ओढून धरलेला, स्वेटरवर बसलेली. तिने मला बघून फिस्कारलं.

मी विटांवर बसले. तिच्यासाठी मला फार आनंद झाला. तरी मी लगेच उठले नाही. घरी सगळे झोपलेले होते. मी काय विचार केला ते मला आठवत नाही, पण मी बसले एवढं खरं. मग उठून घरी गेले आणि शाल्मलीला हलवून जागं केलं.

ती अनवाणीच धावत आली. पिंजऱ्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि जाळीतून बोट आत घातलं. शाईने ते हुंगलं आणि डोकं घासलं. शाल्मली तेव्हा रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आवाज न करता. मी तिच्या मागे उभी होते. तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, ते मला ठरवता येत नव्हतं.

थोड्या वेळाने तिने मागे न बघता विचारलं, "आता मला जावं लागेल का?"

इतके दिवस मी समजत होते की तिला जायचं आहे.

मी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं. माझ्या तोंडून शब्द निघायला वेळ लागला. पलीकडच्या घरात कुणीतरी अंगणात पाणी मारत होतं, त्याचा आवाज येत राहिला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिली.

"नको जाऊस," मी म्हटलं. "मला इतक्यात सगळं जमणार नाही. पण तू जाऊ नकोस."

तिने मान हलवली. मग आम्ही दोघींनी दोन बाजूंनी पिंजरा उचलला आणि घरी आणला. कऱ्हाडला फोन तिने स्वतःच केला.

शाईचा पाय बरा व्हायला थंडी सरली. शाई आणि बुंदीला एकत्र आणायला त्याहून जास्त वेळ लागला. या वेळी दार कधी उघडायचं ते दोघी मुलींनी ठरवलं. मैत्री म्हणावी असं मांजरींचं काही झालं नाही. एकमेकींना चाटताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण त्या एका घरात राहिल्या, एका सोफ्याच्या दोन टोकांना झोपल्या, आणि बाहेरचा बोका गच्चीत आला की दोघी मिळून त्याच्यावर धावून जायच्या. मुलींचंही पुढे बरं चाललं. भांडल्या पुष्कळ, अगदी ओरडून, दारं आपटून. मला ते ऐकून झोप लागायची.

मला मात्र त्या सकाळी उत्तर द्यायला लागलेला तो वेळ कधी विसरता आला नाही. शाल्मलीच्या दहावीला, ती पुण्याला शिकायला गेली तेव्हा, माई गेल्या तेव्हा, प्रत्येक वेळी मला वाटायचं, तिला ते कळलं असणार. एका मुलीने विचारलं की मी राहू का, आणि मला विचार करावा लागला. तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

गेल्या हिवाळ्यात बुंदी म्हातारी होऊन गेली. जुई तेव्हा लांब, परदेशात होती. शाल्मली पुण्याहून आली. आम्ही मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाजवळ खड्डा केला. ती खणत होती, मी बुंदीला चादरीत गुंडाळून धरलं होतं. खड्ड्यात ठेवल्यावर मी तिला विचारलं.

"त्या सकाळी, शाई सापडली तेव्हा, मी लगेच बोलले नव्हते. तुझ्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं ना," ती म्हणाली. जराही नवल न वाटता, जणू मी हे कधीतरी विचारणारच होते. "तू लगेच 'नको जाऊस' म्हणाली असतीस तर मला ते काचेसारखंच खोटं वाटलं असतं. मी त्याच संध्याकाळच्या गाडीने गेले असते."

आणि ती खोऱ्याने माती आत लोटायला लागली.